गाडी सरळ धावते, म्हणजे अलाइनमेंट बरोबर आहे का?

पुढच्या सस्पेन्शनचे झिजलेले भाग घरी बदलल्यावर गाडी सरळ धावत असेल, तर व्हील अलाइनमेंटची, म्हणजे चाकांचे कोन तपासून जुळवण्याची, गरज नसते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

हा समज स्वाभाविक असला, तरी बरोबर नाही. टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे टोक, बदलताना जुने आटे मोजून नवा भाग तितकाच फिरवला, तरी दोन भागांच्या लांबीत किंचित फरक राहतो आणि चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन, म्हणजे टो, बदलतो. अनेक गाड्यांत स्ट्रटच्या, म्हणजे चाकाला धरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या, बोल्टच्या भोकांतील सैलपणामुळे कॅम्बर, म्हणजे समोरून दिसणारा चाकाचा उभा कल, हाही हलतो. टो चुकला, तरी धावताना दोन्ही पुढची चाके एकमेकांचा ओढा तोलून धरतात, म्हणून गाडी सरळ जाते. मात्र टायर रस्त्यावर सतत आडवे घासले जातात.

टोची पडताळणी घरीच करता येते. सपाट जागी स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी थोडी पुढे न्यावी, दोन्ही पुढच्या टायरांच्या समोरच्या बाजूस, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खुणा करून त्यांतील अंतर मोजावे, आणि चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे ढकलून, मागे आलेल्या त्याच खुणांमधील अंतर पुन्हा मोजावे. या दोन मापांतील फरक गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा. कॅम्बर मात्र असा कळत नाही. त्यासाठी कॅम्बर मोजण्याचे साधन किंवा अलाइनमेंटचे यंत्र लागते.