महूची भीमजयंती : छावणीच्या हद्दीतला उत्सव

इंदूरहून 23 किलोमीटरवर असलेल्या महूत 14 एप्रिलची तयारी बरीच आधी सुरू होते. मांडव कुठे घालायचे, पाण्याचे टँकर कुठे उभे करायचे, कुठला रस्ता कधी बंद ठेवायचा, हे एकट्या स्मारक समितीला ठरवता येत नाही. जिल्हा प्रशासन, कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि लष्कराचे स्थानिक अधिकारी यांना सोबत घ्यावंच लागतं. इतर गावांत जयंतीची वर्गणी काढणाऱ्यांना मिलिटरीचा विचार करायचं कारण पडत नाही. महूत पडतं, कारण बाबासाहेबांचा जन्म झाला तो काळी पलटणचा भाग म्हणजे देशी सैनिकांची वस्ती. गाव अजूनही छावणीचंच आहे. इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि सिग्नल्सचं प्रशिक्षण देणारी संस्था इथेच आहेत.

ही छावणी वसली ती होळकरांच्या पराभवातून. 21 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज हरली आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला. त्याच वर्षी इंग्रज सेनानी जॉन माल्कमच्या कारकिर्दीत महूला इंग्रजांचा कायमचा तळ पडला. याच मोहिमेत, तहाच्या पाच दिवस आधी, 1 जानेवारीला भीमा कोरेगावची लढाई झाली होती. तिथल्या स्तंभावर इंग्रजांच्या बाजूनं लढताना पडलेल्या सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं, म्हणजे ते महार शिपाई. इंदूरकर मराठी माणूस महिदपूर होळकरांच्या बाजूनं वाचतो, काळी पलटणीतली कुटुंबं तोच काळ कोरेगावच्या बाजूनं वाचत आली. एकाच युद्धाच्या या दोन आठवणी अवघ्या 23 किलोमीटरच्या अंतरावर नांदतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पुढे महूची छावणी मुंबईच्या फौजेकडे आली आणि कोकणातली, देशावरची माणसं माळव्यात येऊन राहिली. रामजी मालोजी सकपाळ हे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. पत्नी भीमाबाई मुरबाडकरांच्या, ते माहेरही लष्करातलंच. त्या काळात पलटणींमध्ये सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. रामजी अशाच लष्करी शाळेत हेडमास्तर होते आणि सुभेदार हुद्द्यापर्यंत पोचले. 14 एप्रिल 1891 रोजी महूत त्यांना चौदावं अपत्य झालं, ते भीमराव. कबीरपंथी घर, रोजची भजनं, वडिलांचा इंग्रजी-मराठी वाचनाचा आग्रह, आणि दारात पलटणीची कवायत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजातल्या एका पिढीला बंदुकीबरोबर अक्षर मिळालं ते पलटणीच्या या शाळांत. जयंतीच्या भाषणांत सुभेदार रामजींचा उल्लेख होतो, पण पलटणीच्या शाळेविषयी फारसं बोललं जात नाही. माझ्या मते महूत सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे.

भीमराव लहान असतानाच हे दार बंद झालं. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं ठरावीक जातींनाच ‘लढाऊ’ मानण्याच्या हिशेबानं महारांची भरती थांबवली. त्याच सुमारास सकपाळ कुटुंब महू सोडून दापोलीकडे निघालं. दापोलीतच निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली सरकारकडे भरतीसाठी अर्ज तयार केला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांपर्यंत मागणी नेली. दोघांनीही बापजाद्यांच्या लष्करी चाकरीचा हवाला दिला. आज ज्याला आपण वारसा जपणं म्हणतो त्याची सुरुवात या अर्जांतून झाली, आणि तीही पोटापाण्याच्या प्रश्नातून. हार-तुरे, मिरवणुका नंतर आल्या.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडली. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्याला हा ताजा संदर्भ होता. त्याच वर्षी महाडच्या सत्याग्रहात स्वयंसेवकांत पेन्शनीतले फौजी होते. बाबासाहेबांच्या समता सैनिक दलाची शिस्त, गणवेश आणि सलामी हे सगळं याच लष्करी ओळखीच्या शिदोरीतून आलं. 14 एप्रिल 1928 रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती केली. 1941 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर आधी कोरेगावचा स्तंभ होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला.

रेजिमेंटचं केंद्र आता सागरला आहे. 1 ऑक्टोबरचा स्थापना दिवस लष्कराच्या रिवाजानं होतो: हुतात्म्यांना मानवंदना, परेड, बडाखाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण. तो वरून आलेल्या हुकमानं पार पडतो, तर 14 एप्रिल लोकांच्या वर्गणीतून आणि हौसेतून. महूत हे दोन रिवाज एकमेकांना येऊन भिडतात. 13 एप्रिलच्या मध्यरात्री स्मारकापाशी फटाके उडतात, समता सैनिक दल सलामी देतं आणि बँडच्या तालावर तरुण पोरं नाचत असतात. सलामी आणि नाच एकाच अंगणात बसवायचा, ही आयोजकांची खरी कसोटी.

जन्मस्थळाची जागा लष्कराच्या ताब्यातून मिळवायला भदन्त धर्मशील यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. 14 एप्रिल 1991 रोजी, जन्मशताब्दीच्या दिवशी, मुख्यमंत्री सुंदरलाल पटवा यांच्या हस्ते कोनशिला बसली. स्मारक पूर्ण होऊन लोकार्पण व्हायला 14 एप्रिल 2008 उजाडलं. मधल्या काळात, 2003 मध्ये, गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. रेल्वे स्टेशनावर आज तीच पाटी आहे, लष्करी संस्थांच्या पत्त्यात मात्र महू कायम आहे.

इंदूरच्या मराठी मंडळांच्या वार्षिक बेतात गणेशोत्सव असतो, अहिल्योत्सव असतो, कोजागिरी असते. महूची जयंती सहसा दिसत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून हजारो मराठी माणसं दरवर्षी आपल्या वेशीवरून पुढे जातात आणि आपण त्या दिवशीच्या वाहतूक कोंडीवर बोलतो, हे काही बरं नाही.

ही माणसं पूर्वी रेल्वेनं येत. पूर्णा, हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा अशी मीटरगेजची वाट थेट महूला पोचायची, आणि मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गानं जायची. खंडव्याकडून येणारा फाटा तर होळकर संस्थानच्या कर्जातून बांधलेला. ब्रॉडगेजच्या कामासाठी अकोल्याकडचा भाग 2017 मध्ये बंद झाला, महूजवळचा घाट 2023 मध्ये. आता रेल्वेनं यायचं तर भोपाळ-उज्जैनचा वळसा, नाहीतर बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून किंवा सेंधव्याकडून बस, टेम्पो, जीप. म्हणून तयारीच्या बैठकीत वाहनतळाला कुठलं मैदान द्यायचं हा विषय येतो, आणि महूत मैदान म्हटलं की पुन्हा लष्कराकडे अर्ज करणं आलं.