ईईजी यंत्र घेण्याआधी: शिकणं आणि निर्णय यांवर प्रयोग करू पाहणाऱ्या विभागांसाठी

ईईजी म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून घेतलेली मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद; त्याची यंत्रं आम्ही पुरवतो. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा व्यवस्थापन विभागातून आमच्याकडे चौकशी आली की पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "किती चॅनेलचं आहे?", म्हणजे एका वेळी डोक्यावरच्या किती जागांची नोंद घेतं? आमच्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला असा: पडद्यावर चित्र उमटलं, तो नेमका क्षण यंत्राच्या नोंदीत कसा उतरतो? शिकण्याचा आणि निर्णय घेण्याचा अभ्यास मेंदूलहरींवरून करायचा, तर सगळी मदार वेळेवर आहे. ३२ चॅनेल घेतले आणि वेळेची नोंदच ढिली राहिली, तर पैसे पाण्यात.

यंत्र काय टिपतं

जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली विद्युतनोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे. डोक्याच्या त्वचेवर लावलेले इलेक्ट्रोड विद्युतदाबातले बारीक चढउतार टिपतात, साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचे. एकट्या पेशीचं त्यात काहीच कळत नाही. दिंडीतल्या एका वारकऱ्याचे टाळ दुरून ऐकू येत नाहीत, पण शेकडो टाळ एका ठेक्यावर पडले की नाद शिवारापार जातो, तसं हे आहे.

म्हणून आधीच सांगून टाकतो: हे यंत्र मनातले विचार वाचत नाही. मेंदूत 'कुठे' घडलं हेही ते ढोबळच सांगतं. 'कधी' घडलं हे मात्र मिलिसेकंदांत सांगतं. एमआरआयवर दिसणारा रक्तप्रवाहातला बदल शिगेला पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस निर्णय घेऊन, चुकून, पुढच्या प्रश्नाकडे वळलेलाही असतो.

चूक कळते कधी?

एक साधा प्रयोग घ्या. पडद्यावर दोन चित्रं. एकावर बोट ठेवलं तर १० पैकी ८ वेळा गुण मिळतात, दुसऱ्यावर फक्त २ वेळा. विद्यार्थ्याला हे सांगायचं नाही, त्याने निवडून निवडून ओळखायचं. प्रत्येक निवडीनंतर सेकंदभराने 'मिळाले' किंवा 'गेले' असा निकाल दाखवायचा.

निकाल दिसल्यावर पाव सेकंदाच्या सुमारास, टाळूच्या जरा पुढे लावलेल्या इलेक्ट्रोडवर, गुण मिळाल्याची आणि गेल्याची लहर वेगळी दिसते. निकाल जितका अनपेक्षित, तितका फरक ठळक. निकालाशी जोडलेली ही लहर १९९७ मध्ये मिल्टनर, ब्राउन आणि कोल्स यांनी मांडली.

तिची दुसरी बहीण त्याआधीच, १९९० च्या सुमारास, जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे सापडली होती. घाईत चुकीचं बटण दाबलं गेलं, की पडद्यावर काही दिसायच्या आतच, ५० ते १०० मिलिसेकंदांत ती उमटते. 'अरेरे' म्हणायलाही वेळ मिळालेला नसतो.

आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. होलरॉइड आणि कोल्स यांनी २००२ मध्ये असा सिद्धांत मांडला की काय बरोबर हे ठाऊक नसतं तोवर चूक कळते ती पडद्यावरच्या निकालावरून, त्यामुळे लहर निकालापाशी येते. नियम अंगवळणी पडला की तीच लहर बटण दाबण्याच्या क्षणाकडे सरकते. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या 'अपेक्षा आणि प्रत्यक्ष' यांतल्या फरकाशी त्यांनी हे जोडलं. त्यावर वाद आहेत, अजून चालू आहेत, पण एम. ए.च्या विद्यार्थ्याला 'शिकणं' डोळ्यांनी दाखवायला याहून चांगला प्रयोग आम्हाला माहीत नाही.

एका फेरीत काहीच दिसणार नाही

या लहरी काही मायक्रोव्होल्टच्या, आणि नुसती पापणी लवली तरी १०० मायक्रोव्होल्टचा धक्का बसतो. म्हणून एकच गोष्ट अनेकदा घडवून सरासरी काढावी लागते. एका फेरीतला गोंगाट १० मायक्रोव्होल्ट धरला, तर २५ फेऱ्यांच्या सरासरीत तो २ वर येतो, १०० फेऱ्यांच्या सरासरीत १ वर. गोंगाट निम्मा करायचा तर फेऱ्या चौपट, हा हिशेब कुठल्याही महागड्या यंत्राला चुकलेला नाही.

ही सरासरी घटनेच्या क्षणावर बेतलेली असते. संगणकाचा साधा पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. त्यात ब्लूटूथची कमीजास्त होणारी दिरंगाई मिळाली, की प्रत्येक फेरीची लहर थोडी इकडे, थोडी तिकडे पडते आणि सरासरीत पुसट होऊन जाते. उपाय साधा आहे: पडद्याच्या कोपऱ्यावर एक प्रकाशसंवेदक चिकटवायचा. चित्राबरोबर तिथे पांढरा चौकोन उमटतो आणि खूण थेट अॅम्प्लिफायरमध्ये, म्हणजे लहरी मोठ्या करून नोंदवणाऱ्या पेटीत, जाते. आम्ही तो प्रत्येक संचासोबत देतो, आणि तो न वापरता घेतलेली नोंद कृपया आमच्याकडे तपासायला पाठवू नका.

कपाळपट्टीसारखी स्वस्त बिनतारी यंत्रंही आमच्याकडे आहेत. डोळे मिटल्यावर ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी कशा वाढतात, हे वर्गात दाखवायला ती उत्तम. वरच्या प्रयोगाला मात्र ती घेऊ नका. टाळूजवळ त्यांना इलेक्ट्रोडच नसतो.

तेल, घाम आणि पंख्याचा रेग्युलेटर

परदेशी माहितीपुस्तिकेत खोबरेल तेलाचा उल्लेख आम्हाला कधी सापडला नाही. आपल्याकडे अर्धा दिवस त्यातच जातो. सहभागींना आदल्या दिवशीच निरोप द्या: शाम्पूने केस धुऊन, पूर्ण कोरडे करून, तेल न लावता या, अंबाडा नको. इलेक्ट्रोड बसवलेली टोपी घालण्याआधी भुवयांमधल्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजा, बरोबर निम्म्यावर मधला इलेक्ट्रोड यायला हवा. दाट केस बोथट टोकाने बाजूला सारून जेल थेट त्वचेवर भरा. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांमधला विद्युतरोध ५ किलोओहमच्या खाली आला की पुढे चला. जेल ओघळून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले गेले, तर दोन्हींवर एकच लहर दिसेल. ती मेंदूची करामत नव्हे.

घामाने रेषा हळूहळू वरखाली तरंगते, म्हणून एप्रिल-मेमध्ये एसी असलेली खोली हवी. आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर यांतून शिरतो. फिल्टर लावण्याआधी ते बंद करून बघा. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

आम्ही कशासाठी यंत्र देत नाही

मुलांची 'बुद्धी मोजून' पालकांना करिअर सांगणाऱ्या क्लासेसना देत नाही. खोटं पकडण्यासाठी देत नाही. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला, तेव्हा जगभर टीका झाली. पुढे २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशी चाचणी कोणावरही करता येणार नाही, असं सांगितलं. फिट येतात का हे पाहायला यंत्र हवं असेल तर तेही आमचं काम नाही, त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा.

संशोधनासाठी तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागेल. सहभागी १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलाने स्वतः 'नको' म्हटलं तर टोपी तिथेच काढा.

मागणी कळवताना

प्रयोगात काय दाखवणार, सहभागी किती, खोलीला एसी आणि अर्थिंग आहे का, आणि विश्लेषण कोण करणार, एवढं लिहा. विश्लेषणासाठी इइजीलॅब ही संगणकप्रणाली मोफत मिळते, पण ती सहसा मॅटलॅब या दुसऱ्या प्रणालीवर चालवतात आणि त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. पायथनवरची एमएनई पूर्ण मोफत आहे. पहिली जोडणी आणि पहिल्या नोंदीला आमचा माणूस हजर राहील. टोपी वापरल्याबरोबर कोमट पाण्याने धुवा, जेल वाळू देऊ नका. वाळलेलं जेल टाचणीने खरवडून इलेक्ट्रोडचा चांदीचा थर गेला, तर ती दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.