मळ्यातली शाळा बाराव्या वर्षी का संपायची?

आसामच्या चहामळ्यांतल्या मुलांच्या गळतीचा विषय निघाला की आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही, असं सहज बोललं जातं. मागचा इतिहास पाहिला तर हे बोलणं फार अन्यायाचं आहे.

चहाचे मळे काढणारी आसाम कंपनी 1839 ची. पुढे मळे वाढले तसे छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशा या भागांतून मजूर करारावर आणले गेले. 1865 च्या बंगाल कायद्याने तर पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय धरायचा अधिकार थेट मळेवाल्यांना दिला. अशा व्यवस्थेला लिहिता-वाचता येणारा मजूर नकोच होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

चहाच्या शास्त्राकडे मात्र मालकांचं लक्ष होतं. 1900 मध्ये हॅरॉल्ड मान हे त्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून आले. 1911 मध्ये जोरहाटजवळ टोकलाई संशोधन केंद्र उभं राहिलं. माती, कीड, छाटणी यांचं ज्ञान तिथून व्यवस्थापकांपर्यंत पोचलं. खुडणारी बाई आपलं काम आईच्या शेजारी उभी राहूनच शिकत राहिली: दोन पानं आणि एक कळी चिमटीत धरायची, जून पान टाळायचं, झाडाचा माथा सपाट राखायचा. एवढ्या कसबाचा कुठे दाखला नाही, त्यामुळे बढतीही नाही.

स्वातंत्र्यानंतर 1951 चा मळे कामगार कायदा आला. त्याचं चौदावं कलम नीट वाचायला हवं. मळ्यात 6 ते 12 वयाची मुलं 25 हून जास्त असतील तर मालकाने शिक्षणाची सोय करावी, असे नियम राज्य सरकार करू शकेल. 'करू शकेल' एवढंच. आणि वय 12 च का? त्याच कायद्याच्या चोविसाव्या कलमात 12 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी होती. म्हणजे शाळेची जबाबदारी संपायची त्याच वयाला मळा मुलाला कामावर घेऊ शकत होता. त्यामुळे मळ्यातल्या शाळा प्राथमिकच राहिल्या. घरात सादरी ही मळ्यांतली बोली बोलणारं मूल तिथे असमियातून धडे गिरवायचं, आणि पुढचे वर्ग मळ्याबाहेर, लांब.

2010 मध्ये दोन गोष्टी घडल्या. शिक्षण हक्क कायदा लागू होऊन 6 ते 14 वयाच्या मुलांची जबाबदारी सरकारवर आली, आणि मळे कायद्यातल्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली. चौदाव्या कलमातला 12 चा आकडा मात्र तसाच राहिला. अलीकडे आसाम सरकारने मळ्यांच्या शाळा ताब्यात घ्यायला आणि मळ्यांच्या भागात माध्यमिक शाळा काढायला सुरुवात केली आहे. मोठ्यांच्या प्रशिक्षणाचा, खुडणीच्या कसबाला दाखला देण्याचा प्रश्न त्यात येत नाही.