चीनचं नववर्ष आणि १ जानेवारीचा हट्ट

वर्षारंभाचा महिना चीनमध्ये पूर्वी राजवटीगणिक बदलत असे. इ.स.पूर्व १०४ मध्ये हान दरबाराने पंचांग सुधारलं आणि वर्ष वसंताच्या तोंडावर सुरू होऊ लागलं. किरकोळ अपवाद सोडले तर ती व्यवस्था टिकली. सहाव्या शतकातल्या एका ग्रंथात वर्षाच्या पहिल्या पहाटे अंगणात बांबू तडतडवून भुताखेतांना हाकलण्याची चाल नोंदलेली आहे. फटाक्याची दारू पुढे आली.

खरी ओढाताण झाली ती विसाव्या शतकात. १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने ग्रेगोरियन कॅलेंडर स्वीकारलं आणि सरकारी वर्ष १ जानेवारीला सुरू झालं. लोक मात्र आपलं वर्ष आपल्याच तिथीला साजरं करत राहिले. १९१४ मध्ये त्या दिवसाला ‘वसंतोत्सव’ असं अधिकृत नाव मिळालं. नववर्ष हा मान जानेवारीकडेच राहिला.

१९२८ नंतर राष्ट्रवादी सरकारने जुनी कालगणनाच मोडीत काढायचं ठरवलं. जुनी पंचांगं छापायची आणि विकायची नाहीत, सणाला दुकानं बंद ठेवायची नाहीत, शुभेच्छा आणि दारावरचे लाल दोहे जानेवारीत हलवायचे. देशभर एकच कालगणना असावी, ही अपेक्षा चुकीची नव्हती. पण सण म्हणजे नुसती तारीख, हे गृहीतक साफ चुकलं होतं.

वर्षाची शेवटची रात्र बिनचंद्राची आणि कंदिलांचा सण पौर्णिमेचा, हे जानेवारीत कसं जमवणार? चुलीच्या देवाचंही तेच. बाराव्या महिन्याच्या २३ किंवा २४ तारखेला चुलीवरच्या त्याच्या चित्राच्या तोंडाला चिकट गोड पदार्थ फासतात आणि मग चित्र जाळतात. देव स्वर्गात जाऊन घराबद्दल गोड बोलेल, किंवा तोंडच उघडणार नाही, ही श्रद्धा. नव्या वर्षासाठी त्याचं नवं चित्र लागतं. शिवाय व्यवहार होता. उधारी वर्षअखेरीपर्यंत चुकती करायची रीत होती. सावकार शेवटच्या रात्रीपर्यंत दारोदार फिरत आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पैसे मागणं अशुभ मानलं जाई. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना दिवाळीची वही दुसऱ्या महिन्यात उघडा म्हणावं, तसलाच हा हुकूम होता. पोलिसांनी पंचांगं जप्त केली तरी घराघरांत तिथ्या पाळल्या जातच राहिल्या. अखेर १९३४ मध्ये, सरकारी कचेऱ्या वगळता लोकांच्या चालीरीतींत फार ढवळाढवळ करू नये, अशी सूचना निघाली. माझ्या मते या सणाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा विजय आहे, आणि तो कुठल्याही पुढाऱ्याशिवाय मिळाला.

१९४९ मध्ये नव्या कम्युनिस्ट राजवटीने तीन दिवसांची सुट्टी दिली. जुन्या चालीरीती मोडायला निघालेल्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ पासून, ती रद्द झाली. चुलीच्या देवाची पूजा ‘जुनाट’ ठरली. १९८० मध्ये सुट्टी परत आली. १९८३ पासून दरवर्षी वर्षअखेरीच्या रात्री दूरदर्शनवर मोठा कार्यक्रम होऊ लागला. बीजिंगमध्ये १९९३ साली फटाक्यांवर बंदी आली, २००५ मध्ये ती सैल झाली आणि पुढे प्रदूषणामुळे पुन्हा आवळली गेली. २०२४ मध्ये हा सण अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत गेला.

वाद मात्र सुट्टीवरून चालूच होता. घरातली सगळी माणसं एकत्र जेवतात ती वर्षाची शेवटची संध्याकाळ. तो दिवस २००८ मध्ये अधिकृत सुट्टीत आला, २०१४ मध्ये वगळला गेला, लोक चिडले. २०२५ पासून तो कायदेशीर सुट्टीत परत आला आहे.