एमबीए इथे की तिकडे? एका घरगुती प्रश्नाची पार्श्वभूमी

मार्च ते मेच्या दरम्यान काही घरांत दोन पत्रं येतात. एक इथल्या आयआयएमचं किंवा मुंबई-पुण्यातल्या एखाद्या संस्थेचं, दुसरं अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या बिझनेस स्कूलचं. रविवारी जेवणं आटोपली की टेबलावर लॅपटॉप उघडतो. वडील एक्सेलमध्ये रकाने पाडतात : फी, राहण्याचा खर्च, डॉलरचा भाव, कर्जाचा हप्ता, व्हिसा. लग्नाचा रकाना आई तोंडीच भरते. मग न्यू जर्सीतल्या मामाला फोन लागतो आणि मामा हमखास म्हणतो, “आमच्या वेळी गोष्ट वेगळी होती.”

मामा खोटं बोलत नाही. त्याच्या आधीच्या पिढीतल्या माणसानेही हेच सांगितलं असतं. एमबीएच्या वर्गात जे शिकवतात, ते गेल्या साठ वर्षांत फारसं उलटंपालटं झालेलं नाही. पार बदलले ते वडिलांनी पाडलेले रकाने. अभ्यासक्रम तोलून कुणी हा निर्णय घेतला असं क्वचितच घडलं. परकीय चलनाचे नियम, बँकेच्या अटी आणि परक्या देशाचं व्हिसाधोरण या तिघांनी मिळून तो बहुतेक वेळा आधीच घेऊन ठेवलेला असायचा.

व्यवसाय हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, ही कल्पना मुळात अमेरिकेची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल सुरू झालं १८८१मध्ये आणि एमबीए ही पदवी हार्वर्डने आणली १९०८मध्ये. आपल्याकडे त्या काळी पेढीवर बसून धंदा शिकायची रीत होती. तरी मुंबई फार मागे नव्हती. १९१३मध्ये इथे सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी त्या शिष्यवृत्तीची अट होती. पुढे १९१८मध्ये ते याच सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२०मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले उसने पैसे एवढ्यावर लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले. विषय एमबीएचा नव्हता, पण शिष्यवृत्ती, बाँड, बचत, उसनवारी ही परदेशी शिक्षणाची सगळी सामग्री तेव्हाच तयार होती. त्याही आधी, १८९२मध्ये, जमशेटजी टाटांनी परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी उभारला होता आणि त्यातली रक्कम कर्जाऊ मिळे, दान म्हणून नव्हे. शैक्षणिक कर्ज ही कल्पना आपल्याला वाटते त्याहून बरीच जुनी आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखाने, धरणं, सार्वजनिक उपक्रम उभे राहू लागले आणि ते चालवायला माणसं कमी पडू लागली. कोलकात्यात १९५३मध्ये व्यवस्थापनाची पहिली संस्था निघाली, आंध्र विद्यापीठाने १९५७मध्ये एमबीए सुरू केलं. पण सगळं वळण बदललं ते १९६१मध्ये. फोर्ड फाउंडेशनचा पैसा, अमेरिकी प्राध्यापकाचा अहवाल आणि सरकारची इच्छा यांतून दोन आयआयएम उभ्या राहिल्या : नोव्हेंबरमध्ये कोलकात्याची, डिसेंबरमध्ये अहमदाबादची. पहिलीला साथ एमआयटीची, दुसरीला हार्वर्डची.

यातली दुसरी संस्था मुंबईत व्हायची, असा मूळ विचार होता. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. विक्रम साराभाई, उद्योगपती कस्तुरभाई लालभाई आणि गुजरातचे मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी जोर लावला आणि संस्था अहमदाबादला गेली. मुंबई मिळाली म्हणून आपण पेढे वाटत होतो, तोवर आयआयएम निसटली, असं एखाद्या पुणेकराने म्हटलं तर त्याला अगदीच खोटं पाडता येणार नाही. मुंबईच्या वाट्याला १९६३मध्ये पवईची निटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था आली. तिला आयआयएमची पाटी लागायला मात्र २०२३ उजाडलं. मुंबई विद्यापीठाने १९६५मध्ये स्टॅनफर्डच्या मदतीने चर्चगेटला जमनालाल बजाज संस्था काढली. म्हणजे हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड ही तिन्ही नावं पाच वर्षांच्या आत आपल्या दारात आली होती. अहमदाबादच्या वर्गात हार्वर्डची केस पद्धत (कंपन्यांचे खरे प्रसंग चर्चेला घेऊन शिकवण्याची) चाले आणि तिथले प्राध्यापक शिकवण्याची तालीम घ्यायला हार्वर्डला जात. ‘देशी’ एमबीए हे असं जन्मतःच परदेशी वाणाचं रोप.

एक गोष्ट मात्र त्या रोपाबरोबर आली नाही, आणि आजच्या निर्णयात सगळ्यात जास्त घोळ तीच घालते. अमेरिकेत एमबीए चार-पाच वर्षं नोकरी केलेल्याने करायचं, हा पायंडा हळूहळू पक्का झाला. आपल्याकडे पदवी झाली की लगेच, बाविसाव्या वर्षी, ते करायचं ठरलं. आपल्याकडची नोकरी सुरू झाली की सुटत नसे आणि सोडून पुन्हा विद्यार्थी होण्याची चैन मध्यमवर्गाला परवडत नसे, हे त्यामागचं साधं कारण असावं. त्यामुळे वरून सारखी दिसणारी ही दोन शिक्षणं वेगवेगळ्या वयाच्या माणसांसाठी घडली. अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम फ्रान्समध्ये इन्सिआड या बिझनेस स्कूलने पन्नाशीच्या दशकातच रुजवला होता. आपल्याकडे तो नीट रुजला २००१मध्ये हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमुळे (आयएसबी), आणि अहमदाबादनेही २००६मध्ये तसा वर्ग काढला. बाविशीतला इंजिनिअर आणि सत्ताविशीतला टीम लीड या दोघांना एकच सल्ला देणारे क्लासवाले आजही भेटतात. त्यांच्याकडे जरा सबुरीने पाहावं.

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशात जायचं कुणी? राहुल बजाज यांनी हार्वर्डचं एमबीए १९६४मध्ये केलं, आनंद महिंद्रांनी १९८१मध्ये. ही उद्योगपतींची घरं. बाकीच्यांसाठी डॉलर ही वस्तूच नव्हती. जून १९६६मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि डॉलर एका रात्रीत ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. परदेशी निघालेल्याला खिशात जेमतेम आठ डॉलर नेता येत, ही त्या पिढीची ठरलेली आठवण. परकीय चलनावरच्या १९७३च्या ‘फेरा’ कायद्याने फास आणखी आवळला. फी भरण्यासाठीसुद्धा रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. अशा काळात ‘इथे की तिकडे’ हा प्रश्नच उद्भवत नव्हता. तिकडच्या विद्यापीठाने पैसे दिले तरच तिकडे. असे पैसे एमबीएला सहसा मिळत नसत, संशोधनाला मिळत. म्हणून अहमदाबादहून १९६६मध्ये बाहेर पडलेले व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद पुढे हार्वर्डला गेले ते डॉक्टरेटसाठी, आणि कोलकात्याच्या आयआयएममधून निघालेल्या, पुढे पेप्सिकोच्या प्रमुख झालेल्या इंद्रा नूयी अमेरिकेतल्या येल विद्यापीठात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे इथली व्यवस्थापनाची पदविका आधीच होती.

पदविकाच, पदवी नव्हे. आयआयएम या कायद्याने सोसायट्या असल्याने त्यांना पदवी देता येत नसे. इथे कुणाला फरक पडत नव्हता, पण परदेशात डॉक्टरेटला अर्ज करताना ‘हा डिप्लोमा म्हणजे मास्टर्स का?’ या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागे. आयआयएम कायदा जानेवारी २०१८च्या अखेरीस अमलात आला, तेव्हा कुठे त्यांच्या प्रमाणपत्रावर एमबीए हा शब्द छापता आला. देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या एमबीएला पन्नासहून अधिक वर्षं एमबीए म्हणताच येत नव्हतं!

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि इंजिनिअर घाऊक भावात तयार होऊ लागले. पुण्यात सिंबायोसिस, मुंबईत वेलिंगकर, नरसी मोनजी, एस. पी. जैन या संस्था सत्तरीच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या पूर्वार्धात निघाल्या. गोव्यात फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी १९९३मध्ये रायबंदरला गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू केली. इंजिनिअरिंग करायचं आणि मग एमबीए, ही जोडगोळी तेव्हापासूनची. १९९१नंतर बहुराष्ट्रीय कंपन्या, खासगी बँका, सल्लागार संस्था आल्या आणि इथल्या एमबीएला इथेच असे पगार मिळू लागले, की बापाच्या निवृत्तीच्या पगाराला मुलाने पहिल्याच महिन्यात मागे टाकावं.

पैशांचं कुलूप उघडलं ते त्यानंतर. ‘फेरा’ जाऊन २०००च्या जूनमध्ये परकीय चलनाचा सैल कायदा, ‘फेमा’, आला. २००१मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली : देशात शिकायला साडेसात लाख, परदेशात पंधरा लाख, पण चार लाखांच्या वर तारण किंवा हमी. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्षाला २५ हजार डॉलर पाठवायला मोकळीक दिली. ती मर्यादा आज अडीच लाख डॉलर आहे. पहिल्यांदाच सरकारी बँकेतल्या कारकुनाच्या आणि शाळेतल्या शिक्षिकेच्या घरात हा प्रश्न खरोखर विचारता येऊ लागला. बदल्यात कोथरूडचा किंवा डोंबिवलीचा राहता फ्लॅट तारण ठेवावा लागला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. १९२०च्या त्या मदतीची आठवण त्या नावात आहे.

इकडची फीही काही स्वस्त राहिली नाही. २००४च्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी आयआयएमची दीड लाखाच्या आसपासची वार्षिक फी तीस हजारांवर आणायचा आदेश काढला. संस्थांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ‘स्वायत्तता’ म्हणत विरोध केला, सरकार बदललं आणि आदेश बासनात गेला. चारच वर्षांत अहमदाबादने दोन वर्षांची फी साडेअकरा लाखांवर नेली. आज ती पंचवीस लाखांच्या पुढे आहे. स्वायत्ततेचा लढा न्याय्य होता असं मलाही वाटतं, पण त्याचं बिल कुणाच्या नावावर फाटलं, हेही नोंदवायला हवं. हार्वर्डची एका वर्षाची नुसती शिकवणीची फी ७५ हजार डॉलरच्या वर गेली, आणि डॉलरने २०२५च्या डिसेंबरात नव्वदी ओलांडली. दोन्ही बाजू महागल्या, म्हणून तुलनेत काही सोपं झालं नाही.

उरला व्हिसाचा रकाना, आणि या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग तोच. एच-वन-बी हा कुशल परदेशी माणसांना अमेरिकेत नोकरी करू देणारा व्हिसा १९९०च्या कायद्याने आला. वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी पुढे आणखी २० हजार. अर्ज जास्त झाले की सोडत. शिक्षणानंतर वर्षभर काम करायची मुभा सगळ्यांना होती, ती २००८पासून विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित या शाखांना वाढवून मिळाली. २०१६नंतर एकूण तीन वर्षं. एमबीए यात बसत नव्हतं. म्हणजे त्याला सोडतीची एकच संधी, इंजिनिअरला तीन. मग २०१८-१९च्या सुमारास अमेरिकी बिझनेस स्कूल्सनी आपलेच अभ्यासक्रम ‘मॅनेजमेंट सायन्स’ या, विज्ञान शाखांत धरल्या जाणाऱ्या खात्यात नोंदवायला सुरुवात केली. बर्कले विद्यापीठाच्या हास बिझनेस स्कूलने २०१९मध्ये आपली सगळी एमबीए अशी नोंदवली. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, फक्त खात्याचा क्रमांक बदलला आणि विद्यार्थ्याच्या पदरात दोन वर्षं पडली. आपल्याकडे सातबाऱ्यावर जिरायतीची बागायती करून घेतात, त्यातलाच प्रकार.

दार बंद होण्याचे प्रसंगही आले. २००८च्या मंदीत हमीदाराशिवाय परदेशी विद्यार्थ्यांना मिळणारी कर्जं आटली. सरकारी मदत घेतलेल्या अमेरिकी बँकांवर २००९मध्ये परदेशी माणसं घेण्याबाबत निर्बंध आले, आणि दिलेल्या नोकऱ्या काहींनी परत घेतल्या. ब्रिटनने शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा कामाचा व्हिसा २०१२मध्ये बंद केला, २०२१मध्ये पुन्हा उघडला, आणि २०२५मध्ये तो दीड वर्षावर आणायचं जाहीर केलं. कॅनडाने २०२४मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं. तिथेच शिकून व्हिसाचा प्रकार बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, असा खुलासा महिनाभरात झाला. तोवर इथल्या कित्येक एक्सेल शीटा बदलून झाल्या होत्या.

गंमत अशी की आता हे रकानेच एकमेकांत मिसळू लागलेत. २०२३च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढायचे नियम केले, आणि जून २०२५मध्ये यॉर्क, ॲबरडीन यांच्यासह पाच विद्यापीठांना मुंबई-नवी मुंबईसाठी इरादापत्रं दिली गेली. त्याच सप्टेंबरात अहमदाबादच्या आयआयएमने दुबईत शाखा उघडली, एक वर्षाच्या एमबीएची. उद्या पनवेलचा मुलगा नवी मुंबईत ब्रिटिश पदवी घेईल आणि त्याची चुलत बहीण दुबईत अहमदाबादची. वडिलांनी एक्सेलमध्ये त्यांना ‘इथे’च्या रकान्यात टाकायचं की ‘तिकडे’च्या, हे मामालाही सांगता येणार नाही.