बाटलीतल्या कोणत्या माश्या निवडायच्या?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात एखाद्या ओढ्याकाठी मॅलेझ सापळा लावावा आणि आठवड्याने त्याची बाटली उघडावी. हा सापळा म्हणजे जाळीचा तंबूच. स्वीडनच्या रेने मॅलेझ यांनी तो १९३०च्या दशकात तयार केला. पडद्यावर आपटलेला कीटक उजेडाच्या ओढीने वर चढतो आणि टोकाच्या अल्कोहोलमध्ये पडतो. बाटलीत भरणा बहुधा माश्यांचाच असतो. पंखांची एकच जोडी आणि मागे तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या गुंड्या, ही त्यांची खूण. डासही त्यांतच आला. जगात त्यांच्या १,५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, १५० हून अधिक कुळांत. सगळ्यांची ओळख पटवणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, म्हणून पाहणीसाठी कोणती कुळे घ्यायची ते आधीच ठरवावे लागते.

पुष्कळदा मोठी, रंगीत माशी आधी उचलली जाते. मला वाटते, आधी जागा बघावी. चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल जमिनीत, मानशीजवळच्या (पाण्याच्या झडपेजवळच्या) ओल्या चिखलावर धातूसारखी हिरवी चकाकणारी, लांब पायांची माशी तुरुतुरु धावते. ती डोलिकोपोडिड कुळातली, पक्की शिकारी. खाजनात तिला वगळून चालणारच नाही. तिची जात ठरवायला मात्र बहुतेकदा नरच लागतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, तापलेल्या जांभ्या दगडावर भक्ष्यात सोंड खुपसून बसलेली असिलिड कुळातली माशी दिसते. ती सापळ्यापेक्षा हातजाळीनेच मिळवावी.

एकच कुळ घ्यायचे झाले तर मी सिरफिड घेईन. कुळागरात (सुपारीच्या बागेत) फुलासमोर हवेत थबकून राहणारी, मधमाशीसारखी पिवळ्या पट्ट्यांची माशी ती हीच. प्रौढ सगळ्या फुलांवर, पण अळ्या बघा: कोणी मावा खाते, कोणी कुजक्या लाकडात वाढते, कोणी घाण पाण्यात शेपटीसारखी नळी वर काढून श्वास घेते. एका कुळातून इतक्या अधिवासांची खबर मिळते.

अभयारण्यात गोळा करायचे तर वनखात्याची परवानगी आधी हवी.

आणि उरलेली बाटली फेकू नये. गादमाशीच्या कुळातल्या माश्या इतक्या बारीक की ते कुळ सहसा कोणी निवडतच नाही. भातावरच्या एका जातीमुळे शेतकऱ्याला तेवढे नाव ठाऊक. पण फ्लोरिडात फणसाच्या परागीभवनात याच कुळातली एक माशी आढळली. तिच्या अळ्या फणसाच्या कुजणाऱ्या नर फुलोऱ्यांत वाढतात, तेच फुलोरे जे आपल्या परसात काळे पडून, बुरशी धरून गळतात. गोव्यातल्या फणसावर कोण येते, ते पाहायला ती उरलेली बाटलीच लागेल.