नव्या कॉम्प्युटरवर विंडोज की लिनक्स? आधी कामं मोजा

सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडणारा माणूस प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचा अभ्यास महिनाभर करतो. ऑपरेटिंग सिस्टीमचा, म्हणजे विंडोज की फुकट मिळणारं लिनक्स याचा, विचार मात्र सगळं जोडून झाल्यावर सुरू होतो, आणि मग कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं जे असेल ते घातलं जातं. तसं करू नका. घरात ज्या एका कामावाचून अडेल, ते कोणतं हे आधी ठरवा. निवड बहुतेक वेळा तिथेच होऊन जाते.

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात दुकान आहे आणि हिशेब टॅलीवर आहेत, तर विंडोज घ्या. टॅली प्राइम विंडोजसाठीच बनलेलं आहे. मुलगी फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला असेल, तर सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरसाठीही विंडोजच हवं. तीच जर कॉम्प्युटर शाखेला असेल, तर पायथन, सी, डेटाबेस, सर्व्हर हे सगळं लिनक्सवर जास्त सरळ चालतं. खेळांचं गणित वेगळं आहे. वाल्व या खेळांच्या कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्राममुळे) तिच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ खेळ लिनक्सवर खेळता येतात, पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत, कारण त्यांची फसवणूक-विरोधी यंत्रणा लिनक्सवर खेळू देत नाही. घरात व्हॅलोरंट खेळणारं कुणी असेल तर पुढची चर्चा नको.

सगळ्यांत जास्त लोक अडतात ते जोडउपकरणांवर. कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर आपल्याकडे खूप दिसतो. तो छापायची आज्ञा कॅननच्या स्वतःच्या खास भाषेत घेतो, त्यामुळे लिनक्सवर त्याला चालवणं जिकिरीचं होतं. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना तो त्रास नाही. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) मिळतो का, हे टोकनच्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहूनच ठरवा. देवस्थानच्या पत्रिका आणि नाटकांच्या संहिता श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये असतील, तर त्या उघडून दुरुस्त करायला एक तरी विंडोज मशीन लागेल. नवं लिखाण मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, करा. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी) दोन्हीकडे तयारच असतो आणि देवनागरी मराठी व कोकणी दोन्हींना तोच चालतो.

विंडोज ठरलं तर ११च घ्या. १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ११ साठी यूईएफआय (बायोसचं नवं रूप; बायोस म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम), सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्राम मशीन सुरू होताना चालू न देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या नोंदी जपणारा भाग) लागतं. नव्या प्रोसेसरमध्ये टीपीएम असतंच, पण काही मदरबोर्डांवर ते बंद असतं. बायोसमध्ये इंटेलसाठी पीटीटी आणि एएमडीसाठी एफटीपीएम या नावाने शोधा. लायसन्स लगेच विकत घ्यायची घाई नको. विंडोज की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, न घालताही बसतं, आणि ओईएम लायसन्स (नव्या मशीनसोबतचं स्वस्त लायसन्स) मदरबोर्डला बांधलेलं असतं. पहिल्या महिन्यात बोर्ड बिघडून बदलावा लागला तर पैसे अडकतात. मशीन नीट चालतं आहे असं दिसलं की मग की घाला. ऑनलाइन अगदी कवडीमोलाने मिळणाऱ्या कीच्या नादाला लागू नका; त्यांतल्या कित्येक, कंपन्यांच्या घाऊक लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात.

लिनक्स ठरलं तर कोणतं, याचं उत्तर ग्राफिक्स कार्डाच्या वयात आहे. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, आतच येतात. म्हणजे कर्नेल जुना आणि कार्ड नवं, असं झालं की पडदा कमी रिझोल्यूशनवर अडकतो किंवा काळाच राहतो, वायफाय दिसतच नाही. कार्ड वर्ष-दीड वर्ष जुनं असेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटूची एलटीएस (दीर्घ आधाराची) आवृत्ती निवांत चालते. तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. नुकतंच बाजारात आलेलं कार्ड असेल तर फेडोरा हे लिनक्स बघा, तिथे नवा कर्नेल लवकर येतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरची सही मशीनमध्ये नोंदवावी लागते. ती नोंदवायची निळी स्क्रीन रीस्टार्टनंतर एकदाच येते. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. यातलं काहीही कायमचं करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे न बसवताच, चालवून आवाज, वायफाय, प्रिंटर तपासा. डिस्कला हातही लागत नाही.

आता क्रम. आधी बायोस अपडेट, मग रॅमची परीक्षा, मग ऑपरेटिंग सिस्टीम. बायोस आधीच का? नंतर केलं तर टीपीएममधल्या नोंदी बदलतात आणि एन्क्रिप्ट केलेली (कुलूपबंद) डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं, की बहुतेक मशीनवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतही. कित्येकांना ते चालू आहे हेच ठाऊक नसतं. ती की खात्याच्या पानावर असते. छापून कपाटात ठेवा. रॅमसाठी एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली सोय) बंद ठेवून मेमटेस्ट८६ प्लस या तपासणी प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होऊ द्या. खराब रॅमवर सिस्टीम बसवली तर फाइली उलगडताना चुका येतात आणि दोष पेनड्राइव्हला दिला जातो.

हे सगळं जून-जुलैमध्ये करत असाल तर यूपीएसशिवाय हात घालू नका. गडगडाटी पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. बायोस लिहिला जात असताना ती गेली, तर काही बोर्ड पुन्हा उठतच नाहीत.

विंडोज बसवताना दोन अडचणी हमखास येतात. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या मशीनवर कधीकधी डिस्कची यादी रिकामी दिसते. एसएसडी (म्हणजे तीच डिस्क) बिघडलेली नसते. इंटेलची व्हीएमडी ही डिस्क सांभाळणारी सोय चालू असल्याने इन्स्टॉलरला ती दिसत नाही. बोर्डाच्या कंपनीचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, पण सिस्टीम बसवण्याआधीच. नंतर बदललं तर विंडोज सुरू होत नाही. दुसरी अडचण इंटरनेटची. होम आवृत्ती नेटशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि नव्या बोर्डाच्या लॅन-वायफायचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसतो. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने देणं) चालू केलं की बहुधा काम भागतं.

दोन्ही सिस्टीम हव्या असतील तर दोन वेगळ्या एसएसडी वापरा. विंडोज आधी, लिनक्स नंतर, आणि लिनक्स बसवताना विंडोजची एसएसडी काढून ठेवली तर चुकीची डिस्क पुसली जायची भीतीच नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बोर्डावरची बॅटरी बदलू नका. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच भारतीय समजून वाचतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोघांचं जमतं.